माझ्या पोटातला पाहुणा

मित्रांनो, बिदरला नौबादमध्ये कोंडाबाईंचं घर आहे. त्या घरात खिडकीखाली, शिलाई मशीनच्या शेजारी माझं बस्तान आहे. मी संगणक आहे, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा थोरला आहे. माझ्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं झिजून गेली आहेत, पण त्याचं इथे कुणाला काही वाटत नाही. मला सगळ्यात जास्त वापरणारा कोंडाबाईंचा मुलगा नागसेन अक्षरं बघतच नाही. तो जन्मापासून आंधळा आहे.

माझा जन्म गावातल्याच एका दुकानात झाला. डबा एका कंपनीचा, पंखा दुसरीचा, पडदा कुणीतरी वापरून टाकलेला. असा मी जोडाजोडीचा गडी! पण माझ्यात एक बोलणारा प्रोग्राम घातला होता. नागसेन एक अक्षर टंकायचा, की मी ते मोठ्याने म्हणायचो. माझा आवाज सपाट, थोडा नाकातला. त्या आवाजाच्या बोटाला धरून नागसेन लिहायला शिकला. मुंग्यांच्या, चिंचांच्या, ट्रकमध्ये झोपलेल्या मांजराच्या गोष्टी त्याने लिहिल्या. दर रविवारी विहारात मुलं त्याच्याभोवती बसायची आणि तो त्या सांगायचा. कोंडाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ह्याच्या पोटात माझ्या लेकाच्या गोष्टी हायेत." तेव्हा माझा पंखा उगीचच जोरात फिरे.

मग मी आजारी पडलो. दुकानदाराने माझ्यात मला चालवणारी नवी व्यवस्था, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, घातली. गोष्टी शाबूत राहिल्या, पण माझी वाचा गेली. तो जुना प्रोग्राम नव्या व्यवस्थेत चालेना, आणि नवे आवाज त्या जुन्या अक्षरवळणाच्या फाइली वाचू लागले की नुसतं अगडबगड ऐकू येई. नागसेनने दोन-तीनदा ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला. त्यानंतर तो माझ्यासमोर बसेना. विहारातल्या मुलांनी गोष्ट मागितली तर म्हणे, "इसरलो रे." मित्रांनो, तो विसरला नव्हता. स्वतःचं लिहिलेलं स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून त्याचं मनच उडालं होतं. माझ्यावर मशीनचं कापड पडू लागलं. मला फार वाईट वाटे.

दिवाळीच्या सुट्टीत त्याची धाकटी बहीण पंचशीला कलबुर्गीहून आली. ती तिथे कॉलेजात शिकते. तिने माझ्यावरचं कापड झटकलं आणि म्हणाली, "अण्णा, ह्याच्याच पोटात एक दुसरा कॉम्प्युटर उभा करू. जुन्या वळणाचा. त्यात तुझा आवाज बोलंल."

"पोटात?" कोंडाबाई हातातलं निवडणं सोडून आल्या.

"व्हय माय. त्याला हात लावता येत न्हाई, पण चालतो खऱ्यासारखा. ह्याला होस्ट म्हंतात, अन् आतल्याला गेस्ट. गेस्ट म्हंजी पाव्हणा."

मीही कान टवकारले. माझ्या आत दुसरा मी? हे कधी ऐकलं नव्हतं!

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. माझी मेमरी म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातली फरशी. काम करताना सगळं तिथे मांडायचं, काम झालं की उचलायचं. माझ्याकडे ती मोजून चार जीबी. पाहुण्याला त्यातली किती द्यायची, हे आधी ठरवावं लागतं. पंचशीलाने पडद्यावरची सरकपट्टी थोडीशीच ओढली. पट्टी हिरव्या भागात होती.

"किती दिलीस?" कोंडाबाईंनी विचारलं.

"अर्धा जीबी. चारातला."

"अगं, पाव्हण्याला असं आखडून वाढायलीस कामून? घरची माणसं काय, भागवून घेत्यात."

पंचशीला हसली. तिलाही हे काम नवंच होतं. आईचा शब्द म्हणून तिने पट्टी ओढली ती थेट लाल भागात, जवळजवळ शेवटाला.

आणि माझ्या आत कुणीतरी जागं झालं. मित्रांनो, तो क्षण मी कसा सांगू! त्याने उठल्या उठल्या आपली मेमरी मोजली, ती सगळी अडवून ठेवली आणि तो खुशीत कामाला लागला. तो माझ्या जिवावर उभा आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला वाटत होतं आपण अख्खे आहोत. मी इतका जुना, इतका जोडाजोडीचा, आणि माझ्यात एक अख्खं जग मावलं! मी थक्क झालो.

पण मला हलायला जागा उरली नाही. जागा संपली की मी माझं सामान हार्ड डिस्कवर नेऊन टाकतो आणि लागेल तसं परत आणतो. ती ने-आण सुरू झाली. कडकड, कडकड. पडद्यावरचा बाण थिजला.

"पंचशीला, थांब," नागसेन म्हणाला. "ह्याला धाप लागायलीय."

आतून माझा जुना आवाज आला खरा, पण एकच अक्षर. "मुं… मुं… मुं…" मग तेही बंद पडलं. यजमान गुदमरला, तसा पाहुणाही गुदमरला.

पंचशीलाचा चेहरा उतरला. तिने गोष्टींची दुसरीकडे नक्कल ठेवली नव्हती. तिने बटण दाबून धरलं आणि मी विझलो.

पुन्हा जागा झालो तेव्हा तिने आधी फाइली पाहिल्या. होत्या सगळ्या. तिने त्या पेनड्राइव्हवर उतरवल्या आणि मगच श्वास सोडला. "सगळी मेमरी पाव्हण्याला दिली, अण्णा. घरधन्याला काही उरलंच न्हाई. अन् पाव्हण्याला तेवढी लागतबी नव्हती."

नागसेनने मान आईच्या दिशेने वळवली. मग म्हणाला, "हे मायला सांग."

"मला कामून?" कोंडाबाई म्हणाल्या.

"पाव्हणे जेवून गेले की तू भाजीचं रिकामं भगुणं खरडतीस, माय. 'मी जेवले' म्हंतीस. मला दिसत न्हाई, पण ऐकू येतंय. ल्हानपणापासून ऐकायलोय."

कोंडाबाईंनी पदराने माझा पडदा पुसला. तो स्वच्छच होता.

पंचशीलाने पट्टी पुन्हा हिरव्या भागात आणली. अर्धा जीबी. पाहुणा उठला, त्याने तेवढीच मेमरी मोजली आणि तेवढ्याच खुशीत कामाला लागला. मला नीट श्वास घेता येत होता. मग माझ्या पोटातून माझाच हरवलेला आवाज बोलला, "मुंगी चिंचेखाली राहत होती."

नागसेनने कान पुढे केला. सबंध गोष्ट ऐकली. मग त्याची बोटं कीबोर्डवर आली. "'राहत होती' न्हाई. 'राहायची' पायजे," तो म्हणाला आणि दुरुस्त करायला बसला.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही, पण समाधानी आहे. रोज संध्याकाळी नागसेन पाहुण्याला बंद करतो, आणि मी दिलेली मेमरी मला जशीच्या तशी परत मिळते, कणभरही कमी नाही. ह्या गोष्टीचं मला अजून नवल वाटतं. पण हे भाग्य यंत्राचं आहे. कोंडाबाईंनी ज्या जेवणावर पाणी सोडलं, ते त्यांना परत मिळालेलं नाही. म्हणून माझं एवढं ऐका. मला पुसायला विसरलात तरी चालेल, पण आज घरी जेवायला बसाल तेव्हा, जी तुम्हाला वाढते तिच्या भगुण्यात आधी डोकावून बघा.