साध्या पाण्याची टाकी

दहापैकी आठ मासे उताणे पडले होते, आणि तेही साध्या पाण्याच्या टाकीत.

औषधाच्या टाकीत मेले असते तर मला आनंदच झाला असता. आमचा धंदाच तसला. कपाशीवर फवारतात ते औषध पाण्यात किती मिसळलं की गोड्या पाण्यातला मासा मरतो, हा माझा पीएचडीचा विषय. तुलनेला एक टाकी बिनऔषधाची ठेवतात. तिच्यातले मासे मरायला लागले की सगळा प्रयोग बाद.

जळगावच्या आमच्या कॉलेजातल्या नळाला क्लोरीन, म्हणून टाक्यांत पाणी भरायचो धरणगावाकडच्या एका खेड्यातल्या विहिरीचं. पाणी आणि मासे दोन्ही कौतिकआबा कॅनमधून आणून देत. पिढीजात भोई माणूस. त्या दिवशी ते दारातच उभे होते.

"बठ्ठा मरी ग्यात का सर?"

"होतं असं कधी कधी, आबा. प्रवासाचा त्रास."

"पानी ते आमनी विहीरनंच शे. आम्ही बी तेच पितस." जरा थांबून म्हणाले, "चांगलं शे ना सर?"

"एकदम चांगलं," मी म्हणालो.

तोंड वर करून म्हणालो. त्या विहिरीच्या काठावर लोक फवारणीचे पंप धुतात, हे मी स्वतः पाहिलं होतं. आणि कोपऱ्यातल्या साठवणीच्या टाकीत, दोन दिवस उघड्यावर ठेवून क्लोरीन उडालेल्या नळाच्या पाण्यात, आबांचेच मासे महिनाभर मजेत होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण हे कबूल केलं तर दोन वर्षांचे आकडे मातीत जाणार होते, आणि माझी चाळिशी उलटली होती. आबा गेल्यावर मी आठ मेलेले काढले, आठ जिवंत सोडले आणि वहीत लिहिलं, मृत: शून्य. पुढच्या आठवड्यात आबांना सांगितलं, "आता नुसते मासेच आणा."

दोन वर्षांनी नावामागे डॉक्टर लागलं. पेढे घेऊन आबांच्या घरी गेलो. ज्यांच्या माशांवर पदवी मिळाली त्यांना पेढा द्यायला नको? असा मी मोठा कृतज्ञ.

आबांनी गल्ली गोळा केली. "याच त्या हितेंद्र सर," ते सांगत होते. "आमनी विहीरनं पानी यासनी तपासेल शे. पंचायत गल्लीले नळ देत व्हती, मीच नको सांगं. सर सांगतस पानी चांगलं, मंग नळ कसाले?"

तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, कुंदाअक्कांनी, माझ्यापुढे हंड्यातून भरलेला पाण्याचा तांब्या धरला. त्यांची नात त्याच हंड्यातलं पाणी घटाघटा पीत होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आबा, हे पाणी पिऊ नका," मी म्हणालो. "यात फवारणीचं औषध उतरलंय. तुमचे मासे यानंच मेले होते."



"कवयपासून माहीत शे?" आबांनी विचारलं.

"त्याच दिवसापासून."

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते पेढ्याच्या खोक्याकडे बघत राहिले. "मंग आते मी गल्लीले काय सांगू, सर?"

अक्कांनी नातीच्या हातातला पेला काढून घेतला आणि माझ्यासमोरचा तांब्या अंगणात रिता केला. मग पदर सावरून त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या आणि पाण्याची सीलबंद बाटली घेऊन आल्या. ती माझ्यासमोर ठेवली.

"ल्या सर. पाहुना आमना घरथून कोरडा जात नही."

मी झाकण फिरवलं. नात आजीच्या लुगड्याला धरून बाटलीकडे बघत होती. मी बाटली तिच्यापुढे धरली, तर अक्कांनी तिला मागे ओढलं.

"ती तुमनी शे," त्या म्हणाल्या, आणि मी पिऊन संपवेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.