ग्रॅहमच्या दुकानातली शनिवारची दुपार

श्रीनाथ न्यूझीलंडमधल्या 'ते रापा' इथल्या दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनिअर होता, पण शनिवारी दुपारी तो हमखास ग्रॅहमच्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात सापडायचा. ग्रॅहमनं सत्तरी ओलांडली होती. चांगलं काही हाती लागलं की तो श्रीनाथसाठी बाजूला काढून ठेवायचा. त्या दिवशी त्यानं सदुसष्ट सालची, कॅलिफोर्नियातल्या कुठल्याशा विस्मृतीत गेलेल्या पोरांची एलपी पुढे केली.

"पहिली बाजू ऐकून उठू नकोस," तो म्हणाला. "खरी गंमत उलटल्यावर आहे."

श्रीनाथ कोपऱ्यात हेडफोन लावून बसला. पहिली बाजू म्हणजे नुसतं ऊन. पाच गळे एकमेकांवर असे रचलेले, की कुठला कोणाचा ते कळू नये. मधूनच ट्रम्पेट, हार्प्सिकॉर्डची किणकिण. तो स्वतःशीच हसत होता. दुसऱ्या बाजूला तेच गळे पाण्याखालून आल्यासारखे झाले. टेप उलटी फिरवलेली, सतार चक्क बेसूर, पण हिंमत दांडगी. इतकं गोड गाणाऱ्यांना भीतीही इतकी ठाऊक कशी, याचं त्याला नवल वाटलं.

मग धप्प असा आवाज आला. तो गाण्यातलाच समजून श्रीनाथनं डोळे उघडले नाहीत. पुढच्या आवाजाला पायाखालची फरशी हादरली.

ग्रॅहम काउंटरपाशी पडला होता. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरत होतं, आणि हूडी घातलेला एक आडदांड माणूस हातोड्यानं गल्ला फोडत होता.

श्रीनाथनं बसायचं लाकडी स्टूल उचललं आणि मागून त्याच्या खांद्यावर हाणलं. हातोडा गळून पडला. माणूस वळला, तसा दुसरा फटका जबड्यावर बसला. हाड मोडलेलं श्रीनाथला ऐकू आलं. माणूस कोसळला, तोंडापुढे हात धरून म्हणाला, "बस, ब्रो, बस." श्रीनाथनं त्या हातावर मारलं, बोटांवर मारलं, बरगड्यांवर मारलं. स्टुलाचा पाय मोडला, तर उरलेल्या स्टुलानं मारलं.

"श्री, पुरे," जमिनीवरून ग्रॅहम म्हणाला. "मरेल तो."

तेव्हा कुठे त्याचा हात थांबला.

ग्रॅहमला नऊ टाके पडले. त्या माणसाचा जबडा तारांनी बांधावा लागला आणि दोन बोटं कायमची वाकडी झाली. शेवटचे फटके दुकानातल्या कॅमेऱ्यात दिसत होते, म्हणून पोलिसांनी श्रीनाथलाही सोमवारी जबाबाला बोलावलं. 'घाबरून मारलं एवढंच म्हणा,' असं त्याच्या वकिलानं सांगून ठेवलं. संध्याकाळी श्रीनाथच्या बायकोनं, ऋचानंही, त्याचा हात हातात घेऊन तेच विचारलं.

"घाबरला होतास ना रे?"

"पहिल्या दोन वेळा."

"आणि नंतर?"

"नंतर बरं वाटत होतं," तो म्हणाला. "थांबूच नये असं."

ऋचानं हात काढून घेतला नाही, पण तिची पकड सैल झालेली त्याला कळली.

सोमवारी पोलीस स्टेशनवर जाऊन त्यानं हेच, याच शब्दांत, लिहून दिलं. वकिलानं कपाळाला हात लावला. पुढे कोर्टानं दोनशे तास समाजसेवेची शिक्षा सुनावली, तेव्हा ऋचाला हायसं वाटलं. श्रीनाथला ती कमी वाटली.