तेरा किलोंची सॅक

पार्सलच्या काउंटरवर मी एकतीस वर्षं काढली. पुडकं हातात घेतलं की काटा काय दाखवणार ते मला आधीच कळायचं. अशा बाईच्या सॅकमधून माझा लेक गुपचूप एकेक पुस्तक काढत होता आणि वर त्याला वाटत होतं, आईला पत्ताच नाही!

रिटायर झाल्यावर मी हिमालयातला पंधरा हजार फुटांचा ट्रेक ठरवला, तेव्हा लेकाने घर डोक्यावर घेतलं. मी ढिम्म. डॉक्टरांनी रक्तदाब, छाती, गुडघे तपासून दाखला दिला. नवे बूट पायात रुळावेत म्हणून मी ते घालूनच स्वयंपाक केला. रोज सकाळी दहा किलोंची सॅक पाठीवर टाकून इमारतीचे सहा मजले दहा वेळा चढायचे आणि उतरायचे. सॅकेत वजनाला लेकाची इंजिनिअरिंगची पुस्तकं होती. कॉलेजात असताना त्याने ती उचलली नाहीत, निदान मी तरी उचलली.

पहिलं पुस्तक गेलं ते सॅक खांद्यावर घेताच कळलं. असा संताप आला! पण त्याचा जीव तुटतोय हेही दिसत होतं. मी काही न बोलता तळाशी जुनी लोखंडी इस्त्री सरकवली. त्याने वरचं दुसरं पुस्तक काढलं, मी खाली सुनेचं डंबेल घातलं. दुसरं डंबेल तर सुनेनेच आणून दिलं.

घोडं अडलं ते ट्रेकवाल्यांच्या फॉर्मवर. पंचावन्नच्या पुढच्यांना मुलाची किंवा मुलीची सही लागत होती. मला हा एकच. उद्या शेवटची तारीख आणि हा पेनाला हात लावेना.

"आई, तू सहाच किलो घेऊन चढतेयस," तो शेवटी म्हणाला. "चार किलोंची पुस्तकं मी काढलीत. तिथे दहा किलो तुला झेपणार आहे का?"

"काटा आण."

त्याने काटा आणला, सॅक ठेवली. तेरा. उचलून पुन्हा ठेवली. तेराच. सून तोंडावर हात धरून हसायला लागली.

मला वाटलं, आता हाही हसेल. त्याचे डोळे भरून आले. "वजनाचं नाही गं. तू परतच आली नाहीस तर?"

मग मात्र माझा तोल गेला. "तुझे बाबा कुठल्या डोंगरावर गेले होते रे? रिटायर झाल्यावर फिरू, रिटायर झाल्यावर फिरू, असं म्हणत याच सोफ्यावर चहा पिता पिता गेले. भर सकाळी. आणि आपण सगळे घरात होतो."

मी फॉर्म आणि पेन त्याच्यासमोर ठेवलं.

"मी जाणार," मी म्हटलं. "सही नाही केलीस तर त्या लोकांच्या ऑफिसात ठाण मांडून बसेन. पण जाणार."

त्याने फॉर्म पुढे ओढला. एका हाताने डोळे पुसत केलेली सही पार वाकडीतिकडी आली.

"बिघडली," तो म्हणाला. "उद्या दुसरा फॉर्म आणून नीट करतो."

"काही नको," मी म्हटलं आणि कागद त्याच्या हातातून काढून घेतला.