मेणाचा दोरा

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कलमं करणं सोडलं त्याला दोन वर्षं झाली. हात थरथरतात, नजर अधू झाली, आता रोपवाटिका तूच बघ, एवढंच म्हणाले. मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंच वाटलं, कारण त्यांच्याबरोबर काम करायचं म्हणजे तासाला एक वाद.

वाद बहुतेक प्लास्टिकच्या पट्टीवरून. संत्र्याचं कलम करताना खुंटाच्या, म्हणजे खालच्या रानटी रोपाच्या, सालीला चीर द्यायची, चांगल्या झाडाचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून घट्ट बांधायचं. अण्णा जन्मभर दोऱ्याने बांधत आले. दोरा यायचा बेकरीतून. मैद्याची रिकामी पोती बेकरीवाला आमच्याकडे आणून टाकायचा आणि शिवण उसवायचं काम आम्हा भावंडांचं. बरोबर टोक हाती लागलं की अख्खी शिवण सर्रकन सुटायची. चुकीचं टोक ओढलं की गाठी, आणि पाठीत आईचा धपाटा. मग आई पत्र्याच्या डब्यात मेण वितळवायची, त्यात दोरा बुडवायची आणि ओसरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत वाळत घालायची. आमच्या वह्यांना, केसांना, अंथरुणांना, सगळ्याला मेणाचा वास. आई गेली, पोती प्लास्टिकची झाली, बेकरीही बंद पडली.

त्या दोऱ्याची गंमत अशी की तो सोडावा लागत नसे. खोड फुगेपर्यंत दोरा कुजून आपोआप गळून पडायचा, मातीत मिसळायचा. त्यामुळे बांधलेल्या कलमाकडे परत जायची सवयच आमच्या घरात कोणाला नव्हती.

मी पट्टी आणली आणि दिवसाला दीडशेच्या जागी तीनशे कलमं होऊ लागली. अण्णा म्हणाले, "ही वेळेवर सोडावी लागते. राहील लक्षात?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" मी फणकारले.

पहिली काही वर्षं आठवणीने सोडल्या. पुढे कामाच्या धबडग्यात थोड्या राहून जाऊ लागल्या.

गेल्या महिन्यात पोस्टातले काका सायकलच्या कॅरियरला एक मोडकं झाड बांधून आले. "पोरी, तुमच्याकडूनच नेलं होतं. जरा वारा काय सुटला, कंबरेत मोडलं बघ." मोडल्या जागी, सालीत रुतून बसलेली माझी पट्टी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांना दुसरं झाड दिलं, पट्टीचं नाव टाकलं, बाजारातून सुती दोरा आणला आणि कात्री घेऊन वाफा न् वाफा पालथा घातला. पट्ट्यांनी दोन बादल्या भरल्या. मातीतही कुठे कुठे तुकडे होते, जसेच्या तसे.

आज सकाळी न्हाणीघरामागच्या संत्र्यापाशी आले.

आमचं संत्र्याचं जुनं मूळ झाड तीन वर्षांपूर्वी वाळलं. नव्या जातींच्या नादात आम्ही त्याची कलमं करणं कधीच थांबवलं होतं. ते पुरतं वाळायच्या आत अण्णांनी त्याचा एकच जिवंत डोळा शोधून काढला आणि इथल्या खुंटावर बसवला. त्या जातीचं आमच्याकडे आता एवढं एकच झाड. बसवला त्यांनी, पण बोटांना गाठ मारता येईना. "बांध गं," म्हणाले. माझ्या खिशात पट्टी होती.

बुंध्याजवळचं गवत बाजूला केलं. वर खोड फुगलेलं, खाली बारीक, आणि मधे सालीने गिळलेली पट्टी. चाकूच्या टोकाने कोरून काढली तर निम्मी साल तिच्याबरोबर आली.

अण्णा मागच्या पायरीवर ऊन खात बसले होते. पट्टी मुठीत धरून त्यांच्याकडे गेले.

"अण्णा, न्हाणीमागचं संत्रं. मी पट्टी सोडायलाच विसरले. खोड आवळलंय. जगेल की नाही, सांगता येत नाही."

आता तोफ डागणार म्हणून मान खाली घातली. त्यांनी नुसता हात पुढे केला. मी पट्टी तळव्यावर ठेवली. ते बराच वेळ तिच्यावर अंगठा फिरवत राहिले.

"ही होती आत?"

"हो."

"रोज तोंड धुऊन झालं की मी ते खोड चाचपायचो. वर जाड, खाली बारीक लागायचं. डोळा नीट बसला नाही की असंच होतं. म्हटलं, झालं, आपला हात गेला. लोकांची झाडं कशाला बिघडवायची?"

दोन वर्षं हा माणूस माझ्या पट्टीपायी पायरीवर बसून होता, आणि मी आपली सुटले म्हणून खूश.

"म्हणजे डोळा नीट बसला होता?" त्यांनी विचारलं.

"नीट बसला होता, अण्णा. पट्टीखाली सांधा एकजीव झालाय."

"नीट बघितलंस?"

"बघितलं. कुठे फट नाही."

ते भिंतीला धरून उठले. "झाडाचा भरवसा नाही, डोळे आजच काढून घेऊ. खुंट किती तयार आहेत?"

"बारा."

"बसवीन मी, बांध तू. आणि माझा चाकू आण. धार लावून आण, दोन वर्षं पडून आहे तो."