तामाहोरेची भेट

गाडी लावेपर्यंत मारामाचं एकच पालुपद चाललं होतं. “हिनेवाई, आत पळायचं नाही, ओरडायचं नाही, आणि हात मागे बांधून ठेवायचे. कळलं?”

“मग करायचं काय?” पाच वर्षांच्या हिनेवाईने विचारलं.

“बघायचं.”

मागच्या सीटवर मारामाचे वडील होहेपा फिसकन हसले. “खापरपणजोबांना भेटायला नेतेस की तुरुंगात?”

खापरपणजोबा म्हणजे तामाहोरे. अखंड लाकडात कोरलेला, चमकत्या शिंपल्यांच्या डोळ्यांचा. पूर्वी तो गावच्या सभाघरात खांब म्हणून उभा असे. पुरात सभाघर गेलं, खांब तेवढा वाचला आणि सांभाळायला म्हणून शहरातल्या संग्रहालयात आला. माओरी माणसासाठी असा खांब म्हणजे खुद्द पूर्वजच. भेटलं की त्याच्या नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवायचं. मारामा सात वर्षांची असताना तेच करायला संग्रहालयातल्या दोराखालून वाकून गेली होती. रखवालदार असा काही खेकसला की सगळ्या दालनाने वळून पाहिलं. आजीने तिचा हात धरला आणि तिला बाहेर नेलं. त्या दिवसापासून तामाहोरे मारामाच्या लेखी आपला न राहता संग्रहालयवाल्यांचा झाला. आपल्या लेकीच्या मनात असं काही बसू नये, एवढीच तिची धडपड होती. कोणी ओरडायच्या आत आपणच पोरीला आवरलेलं बरं, असा तिचा साधा हिशेब.

आत मात्र तिला सगळंच उलटं दिसलं. जमिनीवर गाद्या पसरल्या होत्या आणि त्यांच्यावर पालथी पडून पोरं चित्रं काढत होती. एक बाळ भोकाड पसरून रडत होतं आणि कोणी साधं ‘शू’ही करत नव्हतं. मारामाचा काही विश्वास बसेना. हे कौतुक दाराजवळपुरतंच असेल, असं म्हणून तिने लेकीचा हात आणखी घट्ट धरला.

“अगं, रक्त थांबेल तिचं,” होहेपा काठी टेकत म्हणाले.

शेवटच्या दालनात तामाहोरे उभा होता. समोर दोर नव्हता, काच नव्हती. हिनेवाईने हात सोडवून घेतला आणि धूम ठोकली. कोपऱ्यातला गणवेशातला रखवालदार खुर्चीवरून उठला, आणि मारामा जीव खाऊन ओरडली, “हात लावू नकोस!”

सगळ्या दालनाने वळून पाहिलं. हिनेवाई जागच्या जागी थिजली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. मारामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या आवाजाला ती इतकी वर्षं घाबरत आली होती, तो आज तिच्याच तोंडून निघाला होता.

तोवर रखवालदार जवळ आला. त्याच्या हातात लाकडी स्टूल होतं. पोरांच्या पायांनी त्याचा रंग पार उडालेला होता.

“किया ओरा,” त्याने नमस्कार केला. “नाक पोचायचं नाही हिचं, म्हणून आणलं. मजबूत आहे, चढू दे खुशाल.”

मारामाने स्टुलाकडे पाहिलं. भांडायला कोणी नव्हतंच. “चढ गं,” ती कशीबशी म्हणाली.

“नाही,” हिनेवाई मान खाली घालून म्हणाली. “तू ओरडशील.”

मारामाने बापाकडे पाहिलं. होहेपांनी हनुवटीने तामाहोरेकडे खूण केली. मग ती स्वतःच पुढे झाली आणि तामाहोरेच्या नाकाला नाक लावून तिने डोळे मिटले. लाकूड गार होतं. सुटल्यासारखं वाटून तिला रडू आलं, आणि ते तिने येऊ दिलं.

हिनेवाई स्टुलावर चढून कधीची उभी होती. शेवटी तिने आईचा स्वेटर ओढला. “आई, सरक ना. आता माझा नंबर.”

“थांब जरा, पोरी,” मागून होहेपा म्हणाले. “तिचा नंबर तू जन्मायच्या आधीपासून लागलाय.”