न विचारता घेतलेला होकार

आपल्या ईमेलमध्ये रोज अशी पत्रं येतात, जी आपण कधी मागितलेली नसतात. आपण वैतागतो, पुसून टाकतो आणि विसरून जातो. पण ती पाठवणाराही कुणीतरी असतो, आणि बहुतेक वेळा तो वाईट माणूस नसतो. ग्रेनाडा बेटावरच्या ग्रेनव्हिल गावातला कॉस्मस रेडहेड तरी नव्हता.

कॉस्मसचा व्यवसाय अंत्यविधीचा, वडिलांपासून चालत आलेला. शवपेटी, फुलं, गाडी, चर्चमधली व्यवस्था सगळं तोच बघायचा. गावात जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी ब्रुकलिनला, टोरांटोला नाहीतर लंडनला. मयताला सगळ्यांना येता येत नाही, म्हणून कॉस्मस चर्चमध्ये कॅमेरा लावून विधी इंटरनेटवर दाखवू लागला. लोकांनी त्याला भरभरून आशीर्वाद दिले.

मग एका ऑनलाइन वर्गात त्याने धडा ऐकला: काहीतरी फुकट द्या, बदल्यात पत्ता घ्या आणि मग विकत राहा. त्याने वेबपान बनवून घेतलं. विधी बघायचा तर नाव आणि ईमेलचा पत्ता भरायचा. लिंक फक्त ईमेलनेच येणार. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, ‘आपल्या योजनांची माहिती मला पाठवा.’ तिच्यापुढच्या चौकटीत होकाराची खूण आधीच केलेली होती. यादी फुगत गेली.

“जन्मभर फिरलो असतो तरी एवढी माणसं जोडली नसती,” तो बायकोला म्हणाला.

“जोडलीस की पकडलीस?” योलांदने विचारलं. कॉस्मस हसला आणि विषय तिथेच राहिला.

गावातल्या इयान्थ नोएलबाईंना मूठमाती दिली, त्यानंतरच्या सोमवारी इयान्थची धाकटी बहीण अर्मिन त्याच्या कचेरीत आली. सगळं गाव तिला तांती, म्हणजे मावशी, म्हणायचं.

“ये, तांती, बस. कोको-टी सांगू?”

“मी प्यायला नाही आले. माझ्या व्हर्लिनला तू दाराबाहेर का ठेवलंस, तेवढं सांग.”

व्हर्लिन ही इयान्थची एकुलती एक लेक. टोरांटोत म्हाताऱ्यांची सेवा करते. तिची तिथे राहायची कागदपत्रं अजून झालेली नाहीत. एकदा तो देश सोडला, तर परत जाता येणार नाही. आईचं शेवटचं दर्शन तिला पडद्यावरच होणार होतं. गावात आता रीतच पडली आहे: पेटीचं झाकण लावण्याआधी घरचे कॅमेऱ्याकडे वळतात आणि परदेशातल्या माणसांना नावाने हाक मारतात. तांतीनेही मारली होती, “व्हर्लिन, ये गं बाळा, आईला बघून घे.” मग झाकण लागलं. पलीकडे व्हर्लिन नव्हतीच.

“अशक्य! लिंक गेली आहे,” कॉस्मस म्हणाला. त्याने संगणक तिच्याकडे वळवला. “ही बघ. गुरुवारीच गेली.”

“मला काय दाखवतोस? तिला विचार.”

त्याने फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“लिंक सापडली, कॉस्मसदादा,” व्हर्लिन म्हणाली. “दुसऱ्या दिवशी. स्पॅममध्ये. तुमचं सगळंच तिथे जातं. मीच ढकललं होतं.”

“पण का गं?”

“विल्फ्रेडमामाच्या अंत्यविधीच्या वेळी मी पत्ता भरला होता. तेव्हापासून तुमच्या जाहिराती सुरू झाल्या. आई इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती, त्या सकाळी तुमचं पत्र आलं. ‘आई-वडिलांसाठी शवपेटी आजच निवडा, सवलत याच महिन्यात.’ मी स्पॅमचं बटण दाबलं. पुन्हा तुमचं नाव बघायचं नव्हतं मला. विधीच्या दिवशी लिंकची वाट बघत बसले. तुमच्या कचेरीत फोन केले, मावशीला केले. सगळे चर्चमध्ये होते.”

“मी चित्रण पाठवतो, आत्ताच पाठवतो.”

“बघितलं. त्यात मावशी हाक मारते, आणि मला ओ देता येत नाही.”

तिने फोन ठेवला. कॉस्मसने संगणक परत आपल्याकडे वळवला. मग पुटपुटला, “खूण काढता आली असती तिला, तांती. तिथे लिहिलेलं होतं.”

“मयताच्या दिवशी बारीक अक्षरं कोण वाचतं रे?” तांती उसळली. “तुझा बाप दारात उभा राहायचा. रडत आलेल्या माणसाला खुर्ची द्यायचा. कधी त्याच्या खिशात हात घातला का त्याने? ती खूण व्हर्लिनने केली होती?”

“नाही.”

“मग कुणी केली?”

“मी,” कॉस्मस म्हणाला. आणि ते म्हणताना त्याला पहिल्यांदाच कळलं! यादीतली ती शेकडो माणसं त्याला हो म्हणालीच नव्हती. त्यांच्या वतीने तोच हो म्हणत आला होता!

त्याच दिवशी त्याने वेबपान बदललं. विधीची लिंक आता कुणालाही उघडता येते, पत्ता न देता. माहितीची चौकट वेगळी आहे, मोठ्या अक्षरांत आणि रिकामी. मग त्याने सगळ्यांना एकच पत्र पाठवलं: “तुम्ही पत्ता अंत्यविधीसाठी दिलात, मी तो विक्रीसाठी वापरला. चुकलो. पुढे माहिती हवी असेल, तरच कळवा. नाही कळवलंत, तर तुमचं नाव काढून टाकेन.”

उत्तरं फार थोडी आली.

“एवढीच?” योलांदने विचारलं.

“एवढीच. पण ही खरी आहेत.”

वाचकहो, दुकान, शाळा, दवाखाना, संस्था, आपण सगळेच आज लोकांकडून पत्ते घेतो. ज्या कामासाठी पत्ता मिळाला, त्याच कामासाठी तो वापरावा. दुसऱ्या कामासाठी हवा असेल, तर पुन्हा विचारावं. आणि माणूस गप्प राहिला, तर तो नाही म्हणाला असंच समजावं.

व्हर्लिनचं उत्तर आलं नाही. तिने माफ केलं की नाही, हे कळावं म्हणून तिला पुन्हा एकदा लिहावं, असं कॉस्मसला फार वाटलं. त्याने लिहिलं नाही. यादीतून तिचं नाव काढलं आणि संगणक बंद केला.