डावं उलटं, उजवं सुलटं

मित्रांनो, मी एक जुनी काळी सायकल आहे. गडमुडशिंगीतल्या एका गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे. माझं डावं पायडल जागेवर नाही, हँडलला सुतळीनं बांधून टांगलेलं आहे. तुमच्यातला एखादा मला बघून हसेल. पण त्या पायडलापायी दोन माणसांची जन्माची मैत्री तुटली. खरं काय घडलं ते एकट्या मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं.

एक्याण्णव साली पिराजीनं मला कोल्हापुरातून विकत आणलं. घरी नेण्याआधी त्यानं मला गावच्या तिकटीवरच्या, म्हणजे तिठ्यावरच्या, आकारामच्या दुरुस्तीच्या खोक्यापुढं उभं केलं. हे दोघं लहानपणापासूनचे दोस्त. सायकल दुरुस्तीत आकारामचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पायडल बसवताना तो दर वेळी पुटपुटायचा, "डावं उलटं, उजवं सुलटं."

"काय मंतर म्हणतोस रं?" पिराजी चेष्टा करायचा.

"मंतरच हाय त्यो. इसरला की माणूस पडतंय," आकाराम म्हणायचा.

पिराजी हसायचा आणि चहा मागवायचा. मंत्राचा अर्थ त्यानं कधी विचारला नाही. विचारायची गरज काय? माझा नटसुद्धा आकारामशिवाय कुणाच्या हाती द्यायचा नाही, असा त्याचा नेमच होता.

पाच वर्षं मी सुखात होते. पिराजी मला रोज कोल्हापूरला उद्यमनगरात कामावर न्यायचा. त्याची लेक शिवानी तिथल्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा ती माझ्या कॅरिअरवर बसून पाढे म्हणायची. गावात माझ्याइतकी चकचकीत सायकल नव्हती. थोडा गर्वही चढला होता मला, खोटं कशाला बोलू?

मग शहाण्णव साल उजाडलं. आकारामनं मला सगळं खोलून माझं ओव्हरऑइलिंग केलं आणि नवी पायडलं बसवली. डावं पायडल त्यानं मंत्र म्हणत, दात-ओठ खात आवळलं. ते पक्कं बसलं होतं. माझ्या अंगात गेलेला पायडलाच्या स्क्रूचा आटा मला कळणार नाही तर कुणाला कळणार?

संध्याकाळी पिराजीनं मला अंगणात घेतलं. सकाळी लेक मागं बसणार, तेव्हा आणखी एक हात आवळून घेऊ, असं त्याच्या मनात आलं. माया होती हो ती, दुसरं काही नाही. त्यानं पाना लावला आणि सगळं जग आवळतं तसा उजवीकडं जोर केला. कट्‌ असा आवाज झाला आणि पाना सहज दोनदा फिरला.

"बघ की, ढिलंच ठेवलंतं आकारामनं," तो बायकोला, बयाबाईला म्हणाला. तेवढ्यात तिनं जेवायला हाक मारली आणि तो समाधानानं आत गेला.

मित्रांनो, सायकलच्या डाव्या पायडलाचा आटा उलटा असतो. ते डावीकडं फिरवलं की आवळतं, उजवीकडं फिरवलं की सुटतं. पिराजीनं आपल्या हातानं ते सोडवलं होतं. मी ओरडायला हवं होतं. पण सायकलीजवळ घंटी तेवढी असते आणि तीही दुसऱ्यानं वाजवावी लागते.

सकाळी चढाला ते पायडल आटे खात खात निखळलं. आम्ही तिघंही रस्त्यावर पडलो. शिवानीचा उजवा कोपर मोडला. तो पुढं कायमचा वाकडा राहिला आणि पोर डाव्या हातानं लिहायला शिकली.

दवाखान्यातून पिराजी मला ढकलत तडक तिकटीवर आला. "आकाराम, माझ्या पोरीचा हात मोडलास!"

"पिराजी, माझ्या हातानं आवळलंय म्या. आईची आण."

"मग घरी पाना लावला तवा दोन येढं फिरला कसा?"

आकाराम हळूच म्हणाला, "कुणीकडं फिरवलास?"

"आता मलाच शिकवतोस व्हय?" पिराजीनं ते पायडल आकारामच्या पंक्चर बघायच्या घमेल्यात फेकलं. पाणी आकारामच्या तोंडावर उडालं. त्यानं ते पुसलंसुद्धा नाही.

तो पुढं येईल त्याला उलट्या आट्याचं सांगत राहिला. लोक हसायचे. "नाचता येईना अंगण वाकडं, आवळता येईना आटा उलटा!" पोरांची तर ती म्हणच झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात, ते मी गोठ्यातून ऐकत होते. वर्षाच्या आत खोकं बंद पडलं आणि आकाराम बायकोला घेऊन वारणानगरला राखणदारीला गेला.

मी दहा वर्षं गंजत राहिले. दोन हजार सहा साली डॉक्टरांनी पिराजीला साखरेच्या आजारासाठी सायकल चालवायला सांगितलं, तेव्हा त्यानं मला कोल्हापुरातल्या एका दुकानात नेलं. तिथल्या मिस्त्रीनं माझे डावीकडचे खाल्लेले आटे एकदाच बघितले.

"उजवीकडं फिरवलंय कुणीतरी. पावणं, डावं उलटं असतंय की!"

पिराजी मट्‌कन दुकानाच्या पायरीवर बसला. "डावं उलटं, उजवं सुलटं," तो स्वतःशीच म्हणाला. मग तोंड झाकून रडला. उतरत्या वयाचा माणूस भर बाजारात रडला.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं वारणानगरला गेला. बैल गेला आणि झोपा केला. आकारामला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच्या बायकोनं, धोंडुबाईनं, तक्रारीचा एक शब्द काढला नाही. फडक्यात बांधलेलं माझं पायडल तेवढं पुढं ठेवलं. ती काय म्हणाली ते पिराजीनं घरी येऊन बयाबाईला सांगितलं.

"मरंपतूर जपलंतं त्येनी. म्हणायचं, पिराजी एकदा इचारायला येईल. आज येईल, उद्या येईल."

पिराजीनं मला दुरुस्त केलं नाही. ते पायडल हँडलला बांधलं आणि मला पुन्हा भिंतीला टेकवलं. रोज सकाळी तो येतो, त्यावर हात ठेवून उभा राहतो आणि जातो. माझे आटे आता कुठल्याच बाजूनं धरणार नाहीत.

मित्रांनो, आपल्या सायकलीला तेलपाणी करा, तिला उन्हापावसात टाकू नका. आणि एवढं एक ऐका. कुणाच्या हाताला दोष देताना त्यानं तुम्हांला "कुणीकडं फिरवलास?" असं विचारलं, तर रागावू नका. त्याच्यासमोर बसा आणि उत्तर द्या.